कंस कुठे संपतो?

तालुक्याच्या गावात मराठीचा प्राध्यापक असणे म्हणजे गावाचा बिनपगारी लेखनिक असणे होय. लग्नपत्रिकेतल्या 'चि. सौ. कां.'ची टिंबे कुठे द्यावीत, निवृत्त होणाऱ्या तलाठ्याच्या मानपत्रात 'कर्तव्यदक्ष' घालावे की 'कर्तव्यतत्पर', दुकानाच्या पाटीवर 'वस्तू भांडार' बरोबर की 'वस्तुभांडार', असल्या सर्व खटल्यांचा निकाल आमच्या ओसरीवर लागतो. माझी याबद्दल तक्रार नाही. परभणी जिल्ह्यात वीस वर्षे शिकवल्यानंतर एवढा मान पदरी पडणारच! फक्त मला असे वाटू लागले होते की, या ओसरीवर येण्यासारखे सगळे कागद आता येऊन गेले आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात हा समज खोटा ठरला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी माझ्याकडे वर्गसमीकरण घेऊन आला.

त्याचे नाव मी येथे देत नाही. तशी त्याची सक्त ताकीद आहे. त्याला दिसत नाही. बाराव्या वर्षापर्यंत दिसत होते. मग डोळ्यांच्या दुखण्याने हळूहळू अंधार केला. घरी थोडी कोरडवाहू जमीन. बँकेतल्या कारकुनाच्या परीक्षेला बसायचे त्याने ठरवले होते, आणि त्या परीक्षेत गणिताचा भाग असतो.

"अरे, मग गणिताच्या सरांकडे जायचे! माझ्याकडे काय आहे?" मी म्हणालो.

"सर, गणिताच्या सरांकडे गणित आहे. मला गणित येत नाही असं नाही. मला ते ऐकू येईना. तुमच्याकडं कामून आलो म्हणून विचारता? वाक्य कसं म्हणायचं ते तुम्हीच सांगणार ना?"

मराठीच्या प्राध्यापकाला उभ्या आयुष्यात याहून मोठे प्रमाणपत्र मिळत नाही.

त्याची अडचण त्याने मला दाखवली. 'ऐकवली' म्हणायला हवे. अंध माणसे संगणक किंवा मोबाईल वापरतात ते 'स्क्रीन रीडर' नावाच्या कार्यक्रमाच्या आधाराने. पडद्यावर जी अक्षरे असतील ती हा कार्यक्रम बोलून दाखवतो. यातला एक फार प्रसिद्ध कार्यक्रम म्हणजे 'एनव्हीडीए'. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोघा अंध तरुणांनी तो तयार केला. २००६ साली त्याचे काम सुरू झाले आणि आजही तो जगभर फुकट मिळतो. आमच्या विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपवर तोच होता. कादंबरी लावली तर तो कादंबरी वाची, वर्तमानपत्र लावले तर वर्तमानपत्र. पण मित्राने पाठवलेली गणिताची पुस्तिका उघडली की त्याची वाचा बसे. "पुढील समीकरण सोडवा", एवढे वाचून झाले की तो म्हणे, "ग्राफिक". मग पुन्हा, "पुढील समीकरण सोडवा. ग्राफिक." चाळीस पाने आणि त्यात शंभराहून अधिक समीकरणे, प्रत्येकाच्या जागी हा एकच दगडी शब्द!

कारण साधे होते. पुस्तिका करणाऱ्याने प्रत्येक समीकरणाचे चित्र चिकटवले होते. डोळसाला चित्र आणि अक्षर यांत फरक कळत नाही, दोन्ही दिसतातच. यंत्राला मात्र चित्रातले 'क्ष' म्हणजे कागदावर पडलेला शाईचा डाग. काही ठिकाणी चित्र नव्हते, पण तिथे आणखीच गंमत होती. क्षच्या डोक्यावर चढवलेला वर्गाचा दोन हा टंकणाऱ्याने क्षच्या शेजारीच उतरवून ठेवला होता. त्यामुळे यंत्र 'एक्सचा वर्ग' म्हणण्याऐवजी 'एक्स दोन' म्हणत होते. आता एक्सचा वर्ग आणि एक्स दोन यांत किती अंतर आहे, हे ज्याला गणित येत नाही त्यालाही कळेल. क्ष पाच असेल, तर एक पंचवीस आहे आणि दुसरे काय आहे ते देवाला ठाऊक.

मग मी म्हटले, यंत्र राहू द्या, मी वाचतो. वर्गसमीकरणाचे ते प्रसिद्ध सूत्र दहावी झालेल्या प्रत्येकाने एकदा तरी घोकलेले असते. ते मोठ्याने म्हणून पाहा: "क्ष बरोबर उणे ब अधिक-उणे वर्गमूळ ब वर्ग उणे चार अ क छेद दोन अ." डोळ्यांपुढे कागद असेल तर कसलीही शंका येत नाही. वर्गमूळाचे छप्पर कुठून कुठवर आहे हे दिसते. खालची आडवी रेघ कोणाकोणाला पोटात घेते हेही दिसते. पण डोळे मिटा आणि पुन्हा ऐका. छप्पर एकट्या 'ब वर्गा'वर आहे की 'चार अ क'वरही आहे? 'छेद दोन अ' आहे तो सगळ्याचा, की शेवटच्या तुकड्याचा? वाक्य तेच, अर्थ चार होतात. मी असा विचार करीत होतो, तोच तो म्हणाला, "सर, कंस कुठं संपतो तेवढं सांगत चला. बाकीचं मी बघतो."

या क्षणी माझ्या ध्यानात आले की, मुलगा खरोखरच योग्य ओसरीवर आला आहे. हा प्रश्न गणिताचा नव्हेच. हा अन्वयाचा प्रश्न आहे. आम्ही वर्गात वर्षानुवर्षे दुसरे काय करतो? 'लहान मुलांची शाळा' घ्या. मुले लहान, की शाळा लहान? कोणी सांगावे! 'लहान' हा शब्द विकार पावत नाही, म्हणून घोटाळा होतो. त्याच्या जागी 'मोठा' शब्द घालून पाहा. 'मोठी मुलांची शाळा' आणि 'मोठ्या मुलांची शाळा' यांत कसलाही घोटाळा उरत नाही. गणितात जे काम कंस करतो, तेच काम मराठीत एक 'ई'कार आणि एक 'या'कार बिनबोभाट करून जातो. आमच्या विभक्त्या, आमची सामान्यरूपे हे तोंडाने म्हणायचे कंसच आहेत!

मग आम्ही दोघांनी प्रयोग सुरू केले. 'क्ष अधिक एक छेद दोन' हे वाक्य संशयास्पद आहे. क्ष पाच धरला तर एका अर्थाने उत्तर तीन येते, दुसऱ्या अर्थाने साडेपाच. पण 'क्षमध्ये एक मिळवून येणाऱ्या बेरजेची निमपट' म्हटले की तीन. आणि 'क्षमध्ये अर्धा मिळवून' म्हटले की साडेपाच. कंसाचे नावही काढावे लागले नाही. मुलगा इतका खूष झाला की, त्याने मांडीवर ताल धरून पुढची दोन समीकरणे स्वतःच मराठीत लावली.

तुम्ही म्हणाल, एका विद्यार्थ्याची गरज भागली, उत्तम झाले. त्यात दिवाळी अंकात सांगण्यासारखे काय? तर सांगण्यासारखे हे की, हा एकट्याचा प्रश्न नाही आणि आजचाही नाही. अमेरिकेत अब्राहम नेमेथ नावाचे जन्मांध गृहस्थ होऊन गेले (१९१८–२०१३). त्यांना गणिताची ओढ होती. पण आंधळ्याने गणिताच्या वाटेला जाऊ नये, असा सल्ला देणाऱ्यांनी त्यांना मानसशास्त्राकडे वळवले. त्यात ते एम.ए.ही झाले. पण मन रमेना, तेव्हा पुन्हा गणिताकडे आले आणि पुढे विद्यापीठात प्राध्यापक झाले. ब्रेल लिपीत गणित लिहिण्याची त्यांची पद्धत १९५२ साली छापली गेली, आणि ती आजही वापरात आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. आपल्याला वाचून दाखवणाऱ्यांनी समीकरण कसे म्हणावे, याचे नेमके नियम ठरवून दिले: अपूर्णांक सुरू झाला की तसे म्हणायचे, संपला की संपला म्हणायचे. 'कंस कुठं संपतो तेवढं सांगत चला', हेच ते!

आणि आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर याहून सरस आहे. टी. व्ही. रामन हे पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. भाऊ आणि इतर जवळची माणसे पुस्तके मोठ्याने वाचत आणि ते ऐकत. अशा रीतीने पुण्याच्या नौरोसजी वाडिया कॉलेजातून त्यांनी गणितात पदवी घेतली, मग मुंबईच्या आय.आय.टी.त शिकले आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. तेथे १९९४ साली त्यांनी पीएच.डी.साठी जो कार्यक्रम सिद्ध केला, त्याचे नाव 'ॲस्टर'. त्यांच्या वाटाड्या कुत्र्याचेही नाव तेच. हा कार्यक्रम गणित नुसते वाचत नसे, गात असे म्हटले तरी चालेल. डोक्यावर चढलेला घात आला की आवाज वरच्या पट्टीत जाई. पायाशी उतरलेला अंक आला की खालच्या पट्टीत. लांबलचक समीकरण असेल तर आधी नुसता सांगाडा सांगायचा, 'एक अपूर्णांक आहे, वर हे, खाली ते', आणि मग ऐकणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे एकेका खोलीत शिरायचे. आमच्याकडचे कीर्तनकार पूर्वरंगात विषयाची रूपरेषा सांगून उत्तररंगात आख्यान लावतात, तसेच हे. या प्रबंधाला संगणकशास्त्रातला मोठा पुरस्कार मिळाला.

पण ॲस्टरला गाता आले याचे एक कारण होते. त्याच्या पुढ्यात समीकरणाचे चित्र नसे, समीकरणाचे व्याकरण असे. गणिताची पुस्तके जुळवण्याची 'लाटेक' म्हणून एक लेखनपद्धती आहे. तिच्यात 'येथे अपूर्णांक, हा त्याचा अंश, हा छेद' असे शब्दांत लिहावे लागते. छपाईसाठी केलेली ही सोय कानालाही उपयोगी पडली. पुढे संकेतस्थळांसाठी 'मॅथएमएल' नावाची पद्धत १९९८ साली ठरली. तिचेही तत्त्व हेच. वर्डमध्येसुद्धा समीकरण लिहिण्याची वेगळी सोय आहे. 'आल्ट' आणि बरोबरचे चिन्ह एकदम दाबले की एक चौकट उघडते, आणि तिच्यात लिहिलेला वर्ग हा वर्गच राहतो. कोणी 'एक्स दोन' म्हणून त्याची थट्टा करू शकत नाही.

हे सारे मी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकलो. परभणीचा मे महिना कसा असतो ते ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगायला नको. दुपारी पंखा असतो, वीज असतेच असे नाही. अशा दुपारी आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांना मी चहाच्या लाचेवर बोलावले, आणि आम्ही दोघांनी मिळून ती चाळीस पाने पुन्हा टंकली. ते समीकरण सांगत, मी टंकत असे, आणि मुलगा कानाला यंत्र लावून तपासत असे. 'एनव्हीडीए'ला गणित वाचायला शिकवणारा एक जोडकार्यक्रम त्याने आधीच शोधून ठेवला होता. पहिले समीकरण यंत्राने वाचले तेव्हा त्याने आम्हाला हाताने गप्प केले. बाणाची कळ दाबून तो आत शिरला: अंशात गेला, वर्गमूळात गेला, तिथून बाहेर आला, छेदात उतरला. मग हळूच म्हणाला, "सर, छप्पर 'चार ए सी'वर पण आहे." हे तो कोणाला सांगत होता कोण जाणे! त्याचे छप्पर त्याने स्वतः चाचपून पाहिले होते. कोणाच्या सांगण्यावर विसंबून नव्हे.

त्या आवाजात मला जे ऐकू आले, ते या लेखाचे खरे कारण आहे. दृष्टी गेल्यावर या मुलाला शाळेत सगळ्यांनी प्रेमाने सांगितले होते की, गणितातून सूट घे. तशी सोय असते. त्याने घेतली. 'सूट' हा शब्द मोठा गोड आहे. दुकानात सूट मिळाली तर आपण आनंदाने घरी येतो. पण ज्याला गणित आवडते त्याला गणितातून सूट देणे म्हणजे भुकेल्याला जेवणातून सूट देणे! देणाऱ्यांच्या मनात दयाच होती. मात्र त्या दयेच्या मागे एक गृहीत दडले होते: अडचण मुलाच्या डोळ्यांत आहे. ती तेथे नव्हती. ती पुस्तिकेत होती, आणि तीन माणसांच्या काही दुपारींत दूर झाली.

कायदे आपल्याकडे आहेत. अंध वाचकांसाठी पुस्तके रूपांतरित करताना प्रकाशनहक्काचा अडसर येऊ नये, म्हणून २०१३ साली मराकेशला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. पण कायदा कुलूप काढतो. समीकरणाला बोलते करण्याचे काम ज्याच्या हाती टंकफलक आहे त्यालाच करावे लागते. शिकवणीवर्गाच्या टिपणे काढणाऱ्याला, प्रश्नसंच करणाऱ्या शिक्षकाला, पुस्तकाची जुळणी करणाऱ्याला. समीकरणाचा फोटो चिकटवू नये. वर्ग शेजारी उतरवू नये. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा, कारण जुन्या पद्धतीच्या फॉण्टांतले मराठी यंत्राच्या तोंडून भलभलत्या अक्षरांचा शिमगा होऊन बाहेर पडते. पीडीएफ केली की समीकरणाचा सांगाडा पुष्कळदा मोडतो, म्हणून मूळ फाईलही सोबत द्यावी. एवढेच. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

मात्र एक काम असे आहे की, ते फक्त मराठी माणसांनाच करता येईल. आमच्या खोलीतले यंत्र मराठी वाक्य मराठीत वाचत असे आणि समीकरण आले की इंग्रजीत शिरे. मध्येच परकी पाहुणी बोलू लागावी तसे ते वाटे. यात यंत्राचा अपराध नाही. समीकरण आपल्या भाषेत कसे म्हणावे, याचे नियम ज्या त्या भाषेच्या लोकांनी बसून लिहून द्यायचे असतात. आपले नियम कोणते? भागाकाराला 'भागिले' म्हणायचे की 'छेद'? 'उणे' की 'वजा'? वर्गमूळाचे छप्पर संपले हे कोणत्या शब्दाने सांगायचे? २०१९ साली दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात 'तेवीस'बरोबर 'वीस तीन' असेही वाचन सुचवले गेले, तेव्हा विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला होता. कोणाची बाजू बरोबर, हा वाद मी येथे उकरत नाही. पण आकडा कसा म्हणावा यावर जी भाषा इतकी पेटून उठते, तिने समीकरण कसे म्हणावे यावर तासभर बसायला हरकत नसावी! गणिताचे चार शिक्षक, मराठीचे दोन, आणि ज्यांना दिसत नाही असे विद्यार्थी, असे मंडळ कोणत्याही विद्यापीठाला जमवता येईल. अध्यक्ष विद्यार्थ्यांपैकीच करावा, अशी माझी सूचना आहे.

आणि हे काम आपल्याला परकेही नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने गणित कानानेच घेतले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी: साडेतीनचा पाढासुद्धा तोंडपाठ! संध्याकाळी दिवा लागला की घराघरांतून अपूर्णांक गात असत. बाजारात दाणे मोजणाऱ्या आडत्याला कागद लागत नसे. गंगाखेडच्या जनाबाईचे शब्दही जात्यावरच्या गळ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पुढे आले. जी भाषा भक्ती आणि हिशेब दोन्ही कानांवर सोपवू शकली, तिला 'चार अ क' जड जाऊ नये.

मुलाची परीक्षा झाली. पहिल्या खेपेला थोडक्यात हुकली. गणितात नव्हे, इंग्रजीत. आता पुन्हा बसला आहे. मध्यंतरी त्याने त्या पुस्तिकेची बोलती प्रत आणखी काही अंध मुलांना पाठवली. त्यांतल्या एकाने आमच्या टंकनातला एक चुकार कंस शोधून कळवला, तेव्हा मला आणि गणिताच्या सहकाऱ्यांना सारखाच आनंद झाला. पुस्तक वाचले जात असल्याची याहून चांगली पावती नाही.

परवा मी भास्कराचार्यांची 'लीलावती' चाळत होतो. ११५० सालच्या 'सिद्धांतशिरोमणी'चा तो पाटीगणिताचा भाग. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. म्हणजे तसे हे आपल्याच मुलखातले. सबंध ग्रंथ पद्यात आहे. वर्गमूळाचे छप्पर नाही, आडवी रेघ नाही, कंस तर नाहीच; कशाला काय मिळवायचे आणि कशाने काय भागायचे, ते विभक्त्या सांभाळतात. एक गोष्ट मात्र मला प्रथमच जाणवली. उदाहरणे कोणाला तरी उद्देशून घातलेली आहेत, कधी सखीला, कधी बालेला. आणि त्यांच्या शेवटी जे क्रियापद येते ते बहुधा 'सांग' अशा अर्थाचे असते. 'लिही' असे नव्हे.